ओक्तावियोचा कोट

१

काचेच्या कपाटात लाकडी हँगर तेवढा लोंबत होता. कोट नव्हता.

देलिया सुबिरी त्या दिवशी लवकर नाट्यगृहात आली होती ती आपली दोन वाक्यं घोकायला. उभा जन्म पोलिसात काढलेली बाई. सुरा घेऊन अंगावर धावून आलेल्या माणसापुढे तिची पापणी लवली नव्हती. पण निवृत्त झाल्यावर हौसेनं नाटकात आत्याचं काम घेतलं आणि त्या दोन वाक्यांनी तिची झोप उडवली. ओठ हलवत ती दालनातून चालली होती. कपाटापाशी आली आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

कुलूप फोडलेलं नव्हतं. काचेला ओरखडा नव्हता. किल्ली तिकीटखिडकीतल्या खिळ्याला, जिथं ती असते हे पुएर्तो सेलेस्तेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, तिथंच टांगलेली होती. आणि कपाटाच्या तळाशी, टोक खाली करून नीट मिटलेला, चित्रपट कंपनीचा पितळी बिल्ला ठेवलेला होता. काल संध्याकाळपर्यंत तो कोटाच्या गळपट्टीवर टोचलेला होता.

"मेलो! फौजदारबाई, मी मेलो!" मागून दिग्दर्शक गास्पार ओरडला. रोसारिओहून आलेला हा उंच, किडकिडा माणूस एरवीही ओरडूनच बोलायचा. आता तर त्याचा आवाज थेट गच्चीपर्यंत गेला. "संध्याकाळी 'तिसरी होडी'चा पहिला प्रयोग! राजधानीहून पत्रकार यायचेत, चित्रपटवाले यायचेत. ते काय माझं तोंड बघायला येतायत? ओक्तावियोचा कोट बघायला येतायत!"

ते खरंच होतं. ओक्तावियो बेर्रुती हा ह्याच गावचा. शिंप्याचा मुलगा. पुरुषावर प्रेम केलं, त्याची कादंबरी लिहिली, आणि बापानं त्याला घराबाहेर काढलं. पुढं तो राजधानीत गेला, आणखी पुस्तकं लिहिली आणि तिथंच वारला. गावानं त्याचं नाव असं टाकलं होतं की शाळेच्या ग्रंथालयातही त्याचं पुस्तक सापडायचं नाही. मग परवा परवा कुणा तरुण पोरीनं त्याच्या 'तिसरी होडी' ह्या कादंबरीवर चित्रपट काढला आणि वणवा पेटावा तसं झालं. देशभर पोरं मलईच्या रंगाचे लिननचे कोट घालून फिरू लागली. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आणि ज्या गावानं नाव टाकलं होतं, त्या गावात एका आइसक्रीमलाही 'ओक्तावियो' नाव मिळालं.

गंमत पुढंच होती. कादंबरीतला नायक एका नावाड्याच्या प्रेमात पडतो. तो नावाडी म्हणजे आमचेच आजोबा, असं सांगत लेइवा आणि आकोस्ता ही दोन नावाडी घराणी एकमेकांच्या उरावर बसली होती. चाळीस वर्षांपूर्वी हेच कुणी बोललं असतं, तर दोन्ही घराण्यांनी मिळून त्याला नदीत बुडवलं असतं.

"गास्पार, रडं थांबव," देलिया म्हणाली. "कोट शेवटचा कुणी पाहिला?"

"मीच. काल तालमीनंतर मीच कपाटात ठेवला. आज सकाळी त्याच्या बाह्या कापायच्या होत्या."

"कापायच्या?"

"मग काय करू? ओक्तावियो ताडासारखा उंच, आणि नायकाचं काम करणारा आमचा तोबियास म्हणजे भोपळा. बाह्या आखूड, काखेत उसवून कापड जोडायचं, असं मी काल सगळ्यांदेखत सांगितलं होतं."

तेवढ्यात दारातून सुगंधाची एक लाट आत आली, आणि तिच्या पाठोपाठ एवारिस्तो मारेंगो. गाव त्यांना मास्तर म्हणे. वय शहाऐंशी, गळ्यात रेशमी रुमाल, हातात चांदीच्या मुठीची काठी. कार्निव्हलच्या उत्सवात दरवर्षी निवडतात त्या राण्यांचे पिसांचे, मण्यांचे पोशाख अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याच कारखान्यातून जायचे. प्रत्येक राणीबरोबर पहिला नाच त्यांचा, हा गावचा शिरस्ता. नाट्यगृहाच्या मंडळाचे अध्यक्षही तेच.

मास्तरांनी रिकाम्या कपाटाकडं पाहिलं. "खांदे पाडून उभा राहू नकोस रे गास्पार, नैराश्य अंगावर फार वाईट दिसतं. आणि तोबियास कुठाय?"

तोबियास खांबामागं गोड पाव खात उभा होता. मास्तरांनी त्याला काठीनं वळवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "डावा खांदा उतरता आहे तुझा. सरळ उभा राहा. संध्याकाळी कोट घालायचाय तुला."

"पण मास्तर, कोट तर—"

"मिळेल, मिळेल," म्हणत मास्तर निघूनही गेले.

एवढ्यात पडदा ओढणारा माणूस धावत आला. "फौजदारबाई! पहाटे मी फाब्रिसियोला पाहिलं. गाडीत लांबलचक गाठोडं घालत होता. पुलावरून पार पाराना शहराकडं गेला!"

फाब्रिसियो बेर्रुती म्हणजे ओक्तावियोचा पुतण्या. ज्याच्याकडून कोट नाट्यगृहाला मिळाला, तोच.

२

गावाला चोर मिळायला पाव तास पुरला. राजधानीतल्या कुणा श्रीमंत संग्राहकानं कोटासाठी फाब्रिसियोच्या मागं लकडा लावला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आजोबानं काकाला हाकललं, आता नातू काकाचा कोट विकतोय," असं बेकरीपासून धक्क्यापर्यंत सुरू झालं.

देलियानं घाई केली नाही. आधी ती गास्पारला घेऊन बसली.

"खरं सांग. प्रसिद्धीसाठी तूच तर नाही ना दडवलास? कोट हरवला म्हणजे उद्या पेपरात फोटो."

गास्पारचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "बाई, माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही?" आणि तो इतक्या मनापासून हळहळला की देलियानं त्याला तिथल्या तिथं यादीतून वगळला.

तोबियास मात्र चुळबुळत होता.

"तुला तो कोट आवडत नव्हता," देलिया म्हणाली.

"आवडत नव्हता कसा, ताई? मी त्यात मावत नव्हतो! आणि बटणं लागता लागत नाहीत. चित्रपटातल्या हिरोसारखा एका झटक्यात बटण लावायला जातो, तर हात भलतीकडंच. सगळे हसतात, म्हणतात, जाडी बोटं. पण मी सांगतो, कोटच उलटा आहे."

"उलटा?"

"बटणं डावीकडं, काजं उजवीकडं. गास्पार म्हणतो, मीच गोंधळलोय. जिन्यावरच्या ओक्तावियोच्या फोटोतही तसंच दिसतं म्हटलं, तर म्हणाला फोटो उलटा छापलाय."

देलियानं ते मनात टिपून ठेवलं. "बरं, तुझं ते मोठं स्वगत म्हणून दाखव. नावाड्याला उद्देशून असलेलं."

तोबियासनं पाव खाली ठेवला. त्या भोपळ्यासारख्या पोराचा चेहरा बघता बघता बदलला. "'मी तुझे हात अंधारातही ओळखीन. तुझ्या बोटांच्या टोकांना बारीक टोचल्याच्या खुणा आहेत, जणू चांदण्याच तिथं रुतल्यात...'"

"हात नावाड्याचे ना?"

"हो. मासे पकडायच्या गळानं टोचत असणार, असं गास्पार म्हणतो."

देलियाचा बाप नावाडी होता. वल्ह्यांनी तळहाताला घट्टे पडतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बापानं केसांवरून हात फिरवला की केस अडकायचे. बोटांची टोकं मात्र बापाची गुळगुळीत होती.

बाहेर गलका झाला. फाब्रिसियोची गाडी परत आली होती, आणि त्याच्या दुकानाच्या दारात लेइवा-आकोस्ता दोघंही, आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, त्याला अडवायला उभे होते.

३

फाब्रिसियोचं हार्डवेअरचं दुकान. खिळ्यांच्या पेट्या, दोरांची भेंडोळी, आणि काउंटरमागं लाल झालेला हा धिप्पाड, अबोल गडी. देलियानं दार लावून घेतलं.

"कुठं गेला होतास?"

"सांगणार नाही."

"गाठोड्यात काय होतं?"

"ते उद्या कळेल सगळ्यांना."

"फाब्रिसियो, बाहेर गाव तुला सोलायला उभं आहे."

त्यानं मान खाली घातली. मग आतून एक लांब पाटी घेऊन आला, वर गुंडाळलेलं पोतं सोडलं. पहाटे जुनी पाटी घेऊन गेला होता, ही नवी रंगवून आणली होती. हिरव्या रंगावर सोनेरी अक्षरं: 'ओक्तावियो बेर्रुती आणि पुतण्या. हार्डवेअर.'

देलियानं अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

"आजोबांनी काकाला नुसतं घराबाहेर नाही काढलं," फाब्रिसियो म्हणाला, "तेव्हा इथं शिंप्याचं दुकान होतं, त्याच्या पाटीवरचं नावही खरवडलं. बेर्रुती आणि मुलगे होतं, ते बेर्रुती आणि मुलगा झालं. माझा बाप. मला लहानपणी ते खरवडलेलं दिसायचं. विचारलं की मार मिळायचा. चित्रपट बघून मी गाडीत बसून रडलो, बाई. असा माणूस आमच्या घरात होता आणि मला त्याचा आवाजही माहीत नाही. उद्या सकाळी पाटी लावणार होतो. मी कोट विकीन?"

"नाही विकणार," देलिया म्हणाली. "कोट तुझ्या आजोबांनीच शिवलेला ना?"

"घरात सगळे तसंच म्हणायचे. शिंप्याच्या घरात दुसरा कोण शिवणार? आई मात्र गप्प बसायची. काका वारल्यावर तो राजधानीहून आला, तेव्हा तिनंच ट्रंकेत जपला."

"तुझे आजोबा चांगले शिंपी होते?"

"माणूस म्हणून दगड. पण शिंपी? न्यायाधीश कोट शिवायला त्यांच्याकडं यायचे. टाक्याची चूक झाली तर कापड फाडून नवं घ्यायचे."

देलिया मागल्या दारानं बाहेर पडली. ऊन डोक्यावर आलं होतं. थोड्याच वेळात अख्खं गाव दारं-खिडक्या लावून वामकुक्षीला आडवं होणार होतं. तिला त्याआधी एक फोटो बघायचा होता.

४

नाट्यगृहाच्या जिन्यावर तो भिंतभर लावला होता. धक्क्यावर उभा असलेला तरुण ओक्तावियो, वाऱ्यानं उडालेले केस, अंगात तोच कोट. चित्रपटवाल्यांनी हाच फोटो बघून आपला कोट बनवला होता, फक्त बटणं 'दुरुस्त' करून.

देलियानं ओक्तावियोकडं पाहिलंच नाही. तिनं पाहिलं ते त्याच्या पाठीमागं, होडीच्या तिकिटांच्या खोपटावर. तिथं 'धक्का' असं लिहिलेलं होतं, आणि अक्षरं सरळ होती. आरशातल्यासारखी उलटी नव्हती.

म्हणजे फोटो उलटा नव्हता. तोबियासही गोंधळला नव्हता. पुरुषाच्या कोटाला बटणं उजवीकडं, बाईच्या कोटाला डावीकडं. हा पुरुषाचा कोट, पुरुषाच्या मापाचा, आणि बटणं बायकी बाजूला. ज्या शिंप्यानं एका टाक्यापायी कापड फाडलं असतं, तो अशी चूक करील? प्राण गेला तरी नाही. अशी चूक एकाच हाताची होते. ज्या हाताला जन्मभर बायकांचेच कपडे शिवायची सवय आहे, आणि जो पहिल्यांदाच पुरुषाचा कोट शिवतोय.

मग बाकीचं आपोआप जागेवर बसत गेलं. चोरानं पितळी बिल्ला काढून मागं ठेवला. विकणाऱ्यानं तो कोटाबरोबर नेला असता. कापडाला भोक पडलेलं ज्याला सोसत नाही, तोच बिल्ला आधी उपसतो. कोट गेला तोही नेमका कात्री लागायच्या सकाळी. बोटांच्या टोकांना टोचल्याच्या खुणा. आणि एक माणूस, ज्यानं रिकाम्या कपाटाकडं पाहून डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, पण तोबियासचा उतरता खांदा मात्र मापून नेला.

देलिया भर उन्हात रस्त्यावर आली. गाव झोपलं होतं. कुत्रीसुद्धा सावलीला पाय ताणून पडली होती. मास्तरांच्या वामकुक्षीवर म्हणे घड्याळ लावून घ्यावं. वादळ आलं तरी ती चुकली नव्हती.

कारखान्याच्या बंद खिडकीआड शिलाई मशीन खडखडत होतं.

५

"दार उघडंच आहे," आतून आवाज आला. "पोलिसांची चाल लपत नाही, देलिया. टाचा आपटतेस. संध्याकाळी रंगमंचावर तेवढं सांभाळ."

आत पिसांच्या ढिगाऱ्यांत मास्तर चष्मा लावून बसले होते. रेशमी रुमाल नव्हता, बाह्या वर सारलेल्या. एका पुतळ्यावर ओक्तावियोचा कोट चढवलेला होता. दुसऱ्यावर हुबेहूब तसाच, नवा, रुंद पाठीचा आणि आखूड बाह्यांचा.

"तोबियाससाठी?" देलियानं विचारलं.

"त्या भोपळ्यासाठी. संध्याकाळी दोन्ही कोट कपाटात सापडले असते. चमत्कार झाला म्हणून गावानं मेणबत्त्या लावल्या असत्या. तू कशाला मध्ये आलीस?"

"फाब्रिसियोला गाव चोर म्हणतंय, मास्तर."

मशीन थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत आलेली नव्हती, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं.

"मला वाटलं, गास्पारलाच चार शिव्या पडतील. त्याला त्या पचतातही."

देलिया स्टुलावर बसली. "सांगा आता."

"काय सांगू? बावीस वर्षांचा होतो. आईच्या कारखान्यात झगे शिवायचो. ओक्तावियो म्हणाला, बाप माझ्यासाठी काळेच कोट शिवतो, प्रेतयात्रेला निघाल्यासारखे. तू मला नदीच्या उन्हाच्या रंगाचा शिव. शिवला. हाताच्या सवयीनं काजं उजवीकडं पडली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. म्हटलं, दे, उसवतो. तर म्हणाला, खबरदार! मी जन्मभर उलट्याच बाजूनं बटणं लावीन." म्हातारा हसला आणि हसता हसता त्याला दम लागला. "आणि लावली बेट्यानं."

"आणि नावाडी?"

"मला वाचवायला. शिंपी लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात गाव जमलं असतं. नावाडी काय, नदीवर छप्पन. पण बोटं मात्र माझीच घातली त्यानं. तेवढा मोह त्याला आवरला नाही." मास्तर ताठ बसले. "सगळं सोसलं मी, देलिया. लेइवाचा आजोबा म्हणे तो! अगं, त्या माणसाला मिशांना लागलेला रस्सा पुसता यायचा नाही! चित्रपटात तर मला उघड्या अंगाचा, दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा नावाडी केला. तेही सोसलं, नट देखणा होता. पण माझ्या शिवणीला कात्री? ते नाही म्हणजे नाही."

देलिया इतकी हसली की पिसं उडाली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. कोट सापडला, एवढंच म्हणेन. पण फाब्रिसियोवरचा डाग तेवढ्यानं जायचा नाही. लोक म्हणतील, घाबरून परत आणून ठेवला."

मास्तरांनी दोन्ही कोटांकडं पाहिलं. मग त्यांनी सुई उचलली. "शेवटचं काज राहिलंय. तू जा. तोंड धू आणि वाक्यं पाठ कर."

ते काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. देलिया वाक्यं पुटपुटत बाहेर पडली.

६

सहाच्या सुमाराला दालन फुलून गेलं. राजधानीचे पत्रकार, चित्रपटवाली पोरगी आपल्या मैत्रिणीचा हात धरून, मलईरंगी कोटांतली पोरं, धक्क्यावरच्या कोळणी. पण कपाटाभोवती मोकळी जागा होती, आणि त्या जागेत फाब्रिसियो एकटा उभा होता. घरी बस म्हटलं तरी ऐकलं नव्हतं त्यानं. पाठ भिंतीला, हात मागं. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. आत्याच्या काळ्या झग्यातली देलिया तोंड उघडणार, एवढ्यात दारातली गर्दी दुभंगली.

मास्तर आले. दोन हातांवर दोन कोट, जणू दोन झोपलेली मुलं.

"काठी धर रे," त्यांनी शेजारच्या लेइवाला सांगितलं, आणि सरळ फाब्रिसियोपुढं जाऊन थांबले. आवाज लहान होता, पण दालनाच्या दारापर्यंत पोचला.

"कोट मी नेला होता. चोरीच म्हण हवं तर. तुझ्या काकासाठी तो मीच शिवला होता, आणि त्याला कात्री लागलेली मला बघवली नसती. नावाडी वगैरे कुणी नव्हतं, पोरा. मी होतो."

ज्या गावानं ओक्तावियोचं नाव टाकलं होतं, तेच गाव समोर उभं होतं.

फाब्रिसियोनं कोट घेतला. कापडावरून हात फिरवला. मग त्या अबोल माणसाच्या तोंडून शब्द आला, "मग मी तुम्हाला मास्तर कसं म्हणू? तुम्ही तर माझे काका झालात." आणि त्यानं म्हाताऱ्याला असा कवटाळला की शहाऐंशी वर्षांची हाडं कुरकुरली.

पहिली टाळी कोळणींनी वाजवली. मग छत कोसळेल की काय असं झालं. गास्पार हमसून हमसून रडत होता आणि मध्येच पत्रकारांना नावाचं स्पेलिंग सांगत होता. "मग आमचे आजोबा?" लेइवा काठी धरून बिचारा विचारत राहिला. "दोघांचेही आजोबा नुसतेच मासे पकडत होते," आकोस्ता म्हणाला, "चल, माझ्याकडून एक बाटली."

नाटक उशिरानं सुरू झालं आणि झकास झालं. तोबियासनं नव्या कोटाची बटणं एका झटक्यात, उलट्या बाजूनं लावली. देलियाची दोन्ही वाक्यं जागच्या जागी पडली, टाचाही आपटल्या नाहीत.

पडदा पडला तेव्हा नदीवर अजून तांबूस उजेड होता. धक्क्यावर मासे भाजायला घातले होते, कुणीतरी अकॉर्डियन काढलं होतं. फाब्रिसियोनं खुर्ची आणून मास्तरांना नदीकडं तोंड करून बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

"काका," तो म्हणाला, "त्याचा आवाज कसा होता?"

"ओक्तावियोचा? खरखरीत. फुटक्या घागरीसारखा. आणि गायची हौस दांडगी! एकदा तो आणि मी पलीकडच्या काठावर लग्नाला गेलो होतो, न बोलावता..."

मास्तर बोलू लागले. माणसं ताटं घेऊन जवळ सरकत गेली. अकॉर्डियनवाल्यानं वाजवायचं थांबवलं आणि तोही येऊन बसला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं; म्हातारा काही लवकर आटपणार नव्हता, आणि आटपावं असं कुणाला वाटतही नव्हतं.